एकटीला रडू द्यायचं नसतं

आमच्या घरात दोन वेळचं जेवण होतं, पण दोन्ही वेळेला तेच असायचं. ज्वारीची भाकर आणि मिरचीचा ठेचा. शहादा तालुक्यात, कळसाडीच्या अलीकडे आमचं गाव. जमीन काळीभोर, कापसाची आणि उसाची, पण दुसऱ्यांची. आमचे त्यात फक्त हात. माय, आबा आणि वेणूफुई तिघं कापूस वेचायला जात आणि मला बांधावरच्या लिंबाखाली ठेवत. फुई म्हणजे आत्या, आबांची मोठी बहीण. तिचं सासर अक्कलकुव्याकडचं. तिथून नवऱ्याने तिला परत पाठवलं होतं. का पाठवलं ते घरात कुणी बोलत नसे, गावात मात्र सगळे बोलत. वांझ म्हणत. ओटभरणीला तिला बोलावणं नसे, बाळंतिणीच्या खोलीत पाय ठेवू देत नसत. बोंडांच्या टोकांनी सोललेल्या बोटांनी ती संध्याकाळी माझी वेणी घालायची आणि शाळेत काय शिकवलं ते विचारायची. मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर आहे. हे मी मिरवूनच सांगते, कारण ती मिरवायची. माझा निकाल लागला तेव्हा चक्कीवर, विहिरीवर, दुधाच्या डेअरीवर, सगळीकडे माझं नाव घेऊन तिचं एकच, "मन्ही सुनी बी.ए. व्हई गई!"

कुणाच्याही जन्माच्या वेळी नको असलेली ही बाई मरणाच्या वेळी मात्र सगळ्यांना हवी असायची. आमच्याकडे कुणी गेलं की बायका 'दारवर' येतात, म्हणजे गेलेल्याच्या दारी बसायला. त्या नुसत्या रडत नाहीत, बोलून रडतात. गेलेल्याचा एकेक गुण सुरात सांगायचा. एकीने सूर धरला की दुसरीने तो उचलायचा. दारवर एकटीला रडू द्यायचं नसतं, हा नियम. वेणूफुई या कामात अशी होती की पंचक्रोशीतून तिला निरोप यायचा. ज्याच्यात काडीचा गुण नाही त्याचाही गुण ती शोधून काढायची. गल्लीतला एक दारुडा गेला तेव्हा सगळ्या बायका पदरात तोंड घालून बसल्या होत्या, आता याचं काय सांगायचं म्हणून. फुईने सूर लावला, "दारुड्या व्हता रे भाऊ, पन कुत्राले कधी लाथ नई मारी तू..." त्याची बायको आधी हसली आणि मग जी रडली, ती दिवसभर.

काही वर्षांपूर्वी पुण्याचा समीर नावाचा तरुण दिग्दर्शक गावात आला. मोठ्या कंपनीचा पिक्चर नव्हता. चार मित्र, एक कॅमेरा, आणि मरण झालेल्या एका घराची गोष्ट. त्याला बोलून रडणारी बाई हवी होती. अंगणात रिकामी खाट टाकून तो म्हणाला, "आत्याबाई, हिच्याकडे बघून रडायचं." फुईने विचारलं, "मरेल कोन शे?" तो म्हणाला, मेलेलं कुणी नाही, समजा तुमचंच कुणीतरी. "समजीसन रडू नई येस, भाऊ," ती म्हणाली आणि घरामागे कापसाच्या पऱ्हाट्यांच्या ढिगाशी जाऊन बसली. आम्हाला वाटलं, बारगळलं. बऱ्याच वेळाने परत आली, खाटेच्या पायथ्याशी बसली, पदर ओढला आणि सुरू झाली... मी तिची किती रडणी ऐकलेली, पण हे तसं नव्हतं. यात गुण नव्हतेच. नुसतं "माय मन्ही, माय मन्ही" आणि काय काय घालायचं राहून गेलं त्याची नावं. झबलं, काजळ, पायातला वाळा. गावातल्या बायका भिंतीशी उभ्या होत्या, पण मयत नसताना रडणं अपशकुन, म्हणून एकीनेही सूर उचलला नाही. फुई एकटी रडली.

ती फिल्म पुण्याच्या एका छोट्या थिएटरात लागली. असल्याच, गाणी-मारामारी नसलेल्या फिल्मा दाखवणारी जागा. फिल्मनंतर दिग्दर्शकाशी गप्पा होणार होत्या आणि समीरने फुईलाही बोलावलं. तिला शुद्ध मराठी जमत नाही, म्हणून तिचं अहिराणी लोकांना सांगायला मी सोबत. पदवीधर ना मी! नवं लुगडं नेसून ती अंधारात खुर्चीच्या कडेवर बसली. आजूबाजूला बघून कानात म्हणाली, "इतला लोके, आन सम्दा चूप. कोनी मयत शे का व, सुनी?" मला हसू आवरेना. मग पडद्यावर आमचं अंगण आलं, खाट आली, फुई आली. पडद्यावरच्या फुईने सूर धरला आणि माझ्या शेजारच्या फुईने डोक्यावरून पदर ओढून तो उचलला. मोठ्याने. पुढच्या रांगेतल्या माणसाने मागे वळून "श्शू" केलं. मी तिचा हात धरला. "फुई, ती तूच आहेस ना." "माले माहीत शे," ती म्हणाली, "पन एकली रडी ऱ्हायनी ना ती..." आणि पुन्हा सूर लावला. मग कुणी श्शू केलं नाही.

दिवे लागले. समीर आणि आम्ही दोघी समोर बसलो. लोक त्याला प्रकाशाबद्दल, कॅमेऱ्याबद्दल विचारत होते. मग एका चष्मेवाल्या बाईंनी माईक घेतला. आजींनी हा अभिनय कसा केला, मनात काय आणलं? मी फुईला अहिराणीत विचारलं. तिने मांडीवरचे हात उलटे-सुलटे केले. "मन्ही आंडेर व्हती," ती म्हणाली. "नाव ठेवाना पहिलेच गई. तिनासाठे कोनी दारवर उनं नई. खाट रिकामी देखी आन तीच याद उनी." आंडेर म्हणजे मुलगी... मी माईक तोंडाशी धरून बसले. तिच्या हातून भाकरी खाऊन मी मोठी झाले, आणि तिला मुलगी होती हे मला एवढ्या परक्या लोकांबरोबर कळत होतं. शेवटी कसंबसं सांगितलं. तोवर फुई समीरकडे वळली होती. "फिल्मना शेवटले नावं येतस. डायवरनं येस, चहावालानं येस. मन्ही इंदूनं टाकी दे, भाऊ. मनमा मीच ठेयेल शे ते नाव. कोठेच नई तिनं नाव." समीरचे डोळे भरले. तो म्हणाला, टाकतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. परतीच्या बसमध्ये ती मला विचारत होती, टाळ्या कसाले?

घरी आल्यावर मी आबांना धरलं. तुम्हाला माहीत होतं? गाव तिला वांझ म्हणत होतं आणि तुम्ही ऐकत होता? आबांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "दातबी नई उनथात तिले. मंग सांगानं काय, आन कोनले?" दात न आलेल्या लेकराला आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. त्याचं दारवर नाही, त्याचा दहावा नाही. पुरून आले की संपलं. आई रडली तर सासू म्हणते, गप, दुसरं होईल. फुईला दुसरं झालं नाही, आणि झालेलं कुणी मोजलं नाही.

त्यानंतर फुईने कशाची वाट पाहिली असेल तर या एका नावाची. समीर वाईट मुलगा नव्हता. फिल्म बाहेर कुठे कुठे पाठवून झाली होती, पुन्हा उघडायची तर सगळंच उघडावं लागतं, असं तो फोनवर सांगायचा. पुढच्या वेळी नक्की, म्हणायचा. मी नंदुरबारला कॉलेजच्या लायब्ररीत नोकरीला लागले होते; सुटीत घरी गेले की दारातच तिचा प्रश्न, "टाकं का व त्यानी?" टाकतोय, फुई. शेवटची भेटली तेव्हा ती ओसरीवर तूर निवडत होती. नजर कमी झालेली, खडे बोटांनी ओळखायची. तेव्हाही तेच विचारलं. मी तेच उत्तर दिलं. ती म्हणाली, "कराले सांग लवकर. मी गऊ ते कोन इचारी त्याले?"

दीड महिना झाला. कॉलेजच्या लायब्ररीत पुस्तकं लावत होते तेव्हा गावाकडून धाकट्या भावाचा फोन आला, फुई उठली नाही म्हणून. मी पोचले तेव्हा बायका दारवर आल्या होत्या. अंगण भरलं होतं. आणि शांत होतं. कुणी हुंदका देत होतं, कुणी नातवाला मोबाइल लावून देत होतं. जिने सगळ्या गावाला रडून पोचवलं, तिला पोचवायला बोलून रडणारी एकही बाई उरली नव्हती. म्हाताऱ्या गेल्या, तरण्यांना लाज वाटते. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली. तोंड उघडलं... शब्द आलाच नाही. फुई गुपचूप गेली. आता आमच्या गावात माणूस मरेल आणि असाच जाईल.

गेल्या आठवड्यात समीरने फिल्म पाठवली. मी सुटी काढून गावी गेले, तिच्या खाटेपाशी बसून मोबाइलवर लावली. खाट रिकामी, पडद्यावरही रिकामी. तिने सूर धरला. मला शब्द अजूनही येत नाहीत. पण एकटीला रडू द्यायचं नसतं, म्हणून मी नुसता सूर उचलला. आबा दारात येऊन उभे राहिले. गप कर म्हणतील असं वाटलं. ते खाली बसले.

यातलं काहीच फुईने पाहिलं नाही. तिच्या उपयोगाचं काही झालं, असं मला स्वतःची समजूत घालूनही म्हणता येत नाही. पण फिल्मच्या शेवटी नावं येतात. ड्रायव्हरचं येतं, चहावाल्याचं येतं. त्याच्याखाली आता एक ओळ आहे : इंदू, वेणूबाईंची मुलगी.