वीस मोजेपर्यंत उघडं दार

आधी सुशीलाआक्कांचं नाव घेतो, मग बाकीचं. मिरजेतल्या एका हॉस्पिटलात तिसऱ्या मजल्यावर त्या फरशी पुसतात. मूळ कडेगावकडच्या. त्यांनी माझं ऐकून घेतलं नसतं, तर आज मी वाशिमला घरी बसलेला असतो.

असे भुताखेतांचे अनुभव मी जेवताना मोबाईलवर वाचायचो आणि हसायचो. आठवीतून शाळा सुटली, पण एवढी अक्कल होती — दार वाजलं तर स्क्रू ढिला असतो, भूत नसतं. माझं कामच ते. गर्दीच्या इमारतींतली झिजलेली लोखंडी दारं उतरवायची, नवी बसवायची. दार आपोआप लावणारा वरचा पंप असतो ना, क्लोजर, तो सेट करताना आम्ही मोजतो. हात सोडला की एक, दोन... सातला दार चौकटीला लागलं पाहिजे.

वॉर्ड आणि ऑपरेशन थिएटरच्या मधलं दार मी सोमवारी बदललं. जुन्या दाराचा आडवा दांडा, जो ढकलून दार उघडतात, तो मधोमध घासून आरशासारखा झाला होता. भंगारात टाकला.

मंगळवारी दुपारी सव्वातीन. मी एकटाच पाने-पकडी गोळा करत होतो. नव्या दाराचा दांडा दबला. दार पूर्ण उघडलं. पलीकडे कुणी नाही... सवयीनं मोजत गेलो. वीसपर्यंत दार तसंच उघडं, जणू कुणी टेकून उभं आहे. मग सातात व्यवस्थित बंद.

बुधवारी तेच. क्लोजर बदलला. खिडक्या लावून वरच्या चौकटीला दोरा टांगून पाहिला, वारा असेल म्हणून — दोरा हललासुद्धा नाही. दार मात्र उघडलं.

आता माझी भीती वेगळीच होती. शुक्रवारी तीनला आगीच्या सुरक्षेचे साहेब दार तपासायला येणार होते. आगीत धूर अडवणारं दार आपोआप उघडं राहिलं म्हणजे नापास. आधीच माझी दोन दारं नापास झालेली. ठेकेदार म्हणालेला, "तिसरं झालं की गावच्या गाडीत बसायचं." सोबतच्या पोरांना सांगितलं तर हसून लोळली. "काय रं वाशिमकर, भुताची डूटी लागली व्हय? हजेरी घे की त्याची!" रात्री आईचा फोन. "जेवला काय रे बाप्पा?" जेवलो म्हणालो. ती गावात सगळ्यांना सांगते, पोरगा मिस्त्री झाला. तिला काय सांगणार?

गुरुवारी दुपारी दार उघडलं तेव्हा मागे आक्का पोछा पिळत होत्या. मी घाबरून बघितलं. त्या शांत.

"आक्का, तुम्हाला दिसलं?"

"न दिसायला मी आंधळी हाय व्हय?" मग हळूच म्हणाल्या, "दौलतमामांची येळ हाय ही. स्ट्रेचर वडायचं त्ये. एकटंच. पाठमोरं यायचं, कमरंनं दार ढकलायचं, पेशंट जाईस्तवर तसंच टेकून ऱ्हायाचं. मागल्या साली गेलं."

मला तो घासलेला दांडा आठवला. वॉर्डातून एक स्ट्रेचर येत होतं. मी मोजलं. दारातून पार व्हायला... वीस.

"मग मी काय करू?"

"इतक्या वर्सांत कुणी त्येंच्यासाठनं दार धरलं न्हाई रं. मी बी न्हाई. हातात पोछा असायचा न्हवं... तू धर की. तुजं कामच हाय त्ये." आणि डब्यातली अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. "खा. त्वांड बघ कसं झालंय."

शुक्रवारी साहेबांनी दोनदा दार सोडून पाहिलं. दोन्ही वेळा सात. पण कागद लिहिता लिहिता सव्वातीन झाले. दांडा हलायला लागला... मी धावत जाऊन दार उघडलं आणि धरून उभा राहिलो.

"काय झालं?" साहेब.

"शेवटचं एकदा बघतो, साहेब."

मनात म्हणालो, या मामा, धरलंय मी. मोजत राहिलो. तळहाताखाली दार माझ्या एकट्याच्या जोरानं उघडं नव्हतं, एवढं मला कळतं. विसाव्याला तो दुसरा जोर निघून गेला. दार एकदम जड झालं. सोडलं. सातात बंद.

साहेबांनी सही केली.

त्यानंतर आठ दिवस मी मिरजेत होतो. रोज सव्वातीनला तिथं जाऊन उभा राहायचो. दार पुन्हा आपोआप उघडलं नाही. खरं सांगू? जरा वाईटच वाटलं. त्या गावात माझी वाट बघितल्यासारखं दुसरं कुणी नव्हतं.

आता साताऱ्यात एका कॉलेजची दारं बदलतोय. इथे तसलेच क्लोजर खोलून बघितले, दार असं का उघडावं ते जुन्या मिस्त्रींना विचारलं. काही सापडलं नाही. तुमच्यापैकी कुणाला कळत असेल तर सांगा.

आक्का, निघताना तुम्ही बोललात, घराचं पत्र्याचं दार नीट लागत नाही, रात्री दगड लावून झोपता. एक दिवस मी कडेगावला येणार. चांगलं दार आणणार, माझ्या हातानं बसवणार. आणि पहिल्यांदा तुम्ही आत जाताना मी ते धरून उभा राहणार.