भरती, पाळी आणि परीक्षा सांभाळणाऱ्या बाई

भरती कधी येणार हे आमच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांना कळतं, पाळी कधी सुटणार हे बोईसरच्या कामगारांना कळतं आणि परीक्षा कधी आहे हे, उशिरा का होईना, विद्यापीठाला कळतं. पण या तिन्ही वेळा एकाच वेळी डोक्यात बाळगणारी व्यक्ती साऱ्या पालघर जिल्ह्यात मी एकच पाहिली. त्या आमच्या कॉलेजातल्या मार्गदर्शन कक्षाच्या बाई. त्यांचा मूळ विषय राज्यशास्त्र. तीस वर्षं तो शिकवूनही राजकारण म्हणजे काय हे त्यांना शेवटपर्यंत उमगलं नाही, कारण प्राचार्यांना जे बोलायचं ते त्या थेट प्राचार्यांच्याच तोंडावर बोलत. बहुधा त्याचीच शिक्षा म्हणून त्यांच्याकडे 'विद्यार्थी साहाय्य व मार्गदर्शन कक्ष' सोपवण्यात आला. जिन्याखाली मोडके बाक ठेवायची एक खोली होती. तिथले निम्मे बाक हलवले आणि कक्ष स्थापन झाला. मी रसायनशास्त्राचा मास्तर. माझी प्रयोगशाळा त्या जिन्याच्या समोरच असल्यामुळे बाईंचा शेजार माझ्या वाट्याला आला, आणि माझ्या शांत, शिस्तशीर आयुष्याची वाट लागली.

आमच्या कॉलेजात मुलं येतात तरी किती ठिकाणांहून! सरकारी कागदावर त्यांचे गट ठरलेले असतात, पण बाईंचा त्या गटांवर विश्वास नव्हता. त्यांनी आपले गट पाडले होते. बोटी लागल्या की मच्छी निवडायला जाणाऱ्या मुली म्हणजे 'भरतीवाल्या'. कारखान्यात कामाला असलेली मुलं 'पाळीवाली'. सकाळी भाजी तोडून किंवा पानवेलींना पाणी देऊन येणारी 'वाडीवाली'. तारापूरच्या वसाहतीतली, आईबापांनी पाच पाच क्लासांना घातलेली 'क्लासवाली'. बोईसरच्या चाळींतून येणारी, मराठी ऐकताना नुसती मान डोलावणारी 'हिंदीवाली'. आणि पूर्वेच्या डोंगरातली, दिवाळी झाली की आईबापांबरोबर वीटभट्टीवर जाणारी 'दिवाळीवाली'. कक्षाच्या भिंतीवर परीक्षेच्या वेळापत्रकाशेजारी भरती-ओहोटीचं कोष्टक लावलेलं असे आणि त्याच्याखाली चार कारखान्यांच्या पाळ्यांचा तक्ता. भरतीवाल्यांचा जादा तास बाई तिथी पाहून ठेवत. अष्टमीला साडेआठ, एकादशीला अकरा, असं काहीतरी ते गणित होतं. मी एकदा म्हटलं, "बाई, कॉलेज पंचांगावर चालवायचं का आता?" तर म्हणाल्या, "सर, समुद्र काय तुमच्या घंटेवर चालतो?"

पाळीवाल्यांसाठी त्यांनी कक्षात एक चटई आणि एक उशी ठेवली होती. तिसरी पाळी करून सकाळी थेट कॉलेजला येणारा मुलगा आधी तिथे चाळीस मिनिटं झोपायचा, मग बाई त्याला उठवून चहा द्यायच्या आणि वर्गात पाठवायच्या. "झोपेत ऐकलेलं व्याख्यान परीक्षेत आठवत नाही. मी दोन्ही बाजूंनी अनुभव घेतलाय," असं त्यांचं म्हणणं. पुढे कॉलेजच्या तपासणीला बाहेरून समिती आली. प्राचार्य कौतुकाने एकेक खोली दाखवत होते. कक्षाचं दार उघडलं, तर आत एक धिप्पाड मुलगा उशीवर डोकं ठेवून व्यवस्थित घोरत होता. समितीच्या अध्यक्षांनी चष्मा सावरत विचारलं, "हा कोणता उपक्रम?" प्राचार्यांचा चेहरा पांढरा पडला. बाई हळू आवाजात म्हणाल्या, "शैक्षणिक साहाय्य. जरा हळू बोला, त्याची अजून बारा मिनिटं आहेत." अध्यक्ष चवड्यांवर चालत बाहेर आले. अहवालात त्यांनी या कक्षाबद्दल एक ओळ चांगली लिहिली, आणि बाईंनी ती भिंतीवर नाही, उशीच्या अभ्र्याला टाचणीने टोचून ठेवली.

कक्षात बसून मार्गदर्शन होतं यावर त्यांचा मुळीच विश्वास नव्हता. कॉलेज सुटलं की खांद्याला पिशवी अडकवून त्या रिक्षात बसत आणि कुणाच्या तरी घरी जाऊन धडकत. पाम गावच्या एका मुलीने लग्न झाल्यावर कॉलेज सोडलं. बाई तिच्या सासूकडे गेल्या आणि शिक्षणाचं महत्त्व वगैरे काही न बोलता तिच्याबरोबर ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसल्या. शेवटी सासूलाच राहवेना. "काय बाय, तुमी सुनेसाठी आल्या ना? मग बोला ना कायतरी!" बाई म्हणाल्या, "शेंगा होऊ द्या." शेंगा झाल्या, चहा झाला आणि सासू स्वतःच म्हणाली, "सकालची भाजी तोडून जाईल ती. पन परीक्षेत नापास झाली तर मी तुमाला विचारीन, तिला नाय." ही अट बाईंनी आनंदाने मान्य केली. वसाहतीतले एक वडील तर मुलाला एक क्लास सोडायला का सांगितलं म्हणून भांडायलाच आले होते. बाईंनी त्यांच्यापुढे कोरा कागद ठेवला आणि मुलाचा दिवस तासावारी लिहायला सांगितला. ते गृहस्थ अर्धा तास लिहीत होते, खोडत होते, आणि शेवटी बारीक आवाजात त्यांनी विचारलं, "मॅडम, यात तो जेवतो कधी?"

अशा बाईंकडून चूक होईल असं कुणाला वाटलं नव्हतं, बाईंना तर नाहीच. आणि चूक झाली ती त्यांच्या सगळ्यात लाडक्या सविताच्या बाबतीत. सविता डोंगरातल्या एका पाड्यावरची, माझ्याच विषयाची, शेवटच्या वर्षाला. पहिली दोन वर्षं ती दिवाळीनंतर भट्टीवर गेली होती आणि कशीबशी पास झाली होती. शेवटच्या वर्षी बाईंनी आधीपासून कंबर कसली. पुढच्या सत्राच्या टिपणांच्या प्रती काढल्या, प्राचार्यांच्या मागे लागून सवलतीचं पत्र मिळवलं की, ही मुलगी दिवाळीनंतर वर्गाला आली नाही तरी चालेल आणि तिचे प्रयोग परीक्षेआधी एका दमात करून घ्यावेत. ते पत्र माझ्याकडे आलं. मी प्रयोगाच्या तुकडीतून सविताचं नाव एका रेघेत काढलं आणि तिची जागा दुसऱ्याला दिली. पत्रावर सही-शिक्का होता, मला आणखी काय हवं होतं?

जानेवारीत एका रविवारी टिपणांचा पुढचा गठ्ठा घेऊन बाई भिवंडीकडच्या त्या भट्टीवर निघाल्या. बरोबर मला ओढलं. तीन रिक्षा, दोन एसट्या आणि बरीचशी धूळ खाऊन आम्ही पोचलो. सविताचे वडील विटा रचत होते. बाईंना पाहून ते घाईने हात पुसत पुढे आले.

"सविता कुठाय?" बाईंनी विचारलं.

"सविता? ती घरी हाय बाई. यंदा तिला नाय आनली. शेवटचा वरीस हाय ना तिचा, म्हनून काकीपाशी ठेवली कालिजात जायला. मी न् तिची आय दोघंच आलो, जास्तीच्या विटा पाडतो." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "येते ना ती कालिजात?"

बाईंनी हातातला टिपणांचा गठ्ठा पिशवीत परत ढकलला. मी म्हटलं, "हो, हो." आयुष्यात इतकं खोटं मी कधी बोललो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही पाड्यावर गेलो. सविता अंगणात बसून तीच टिपणं वाचत होती. दोन महिने ती तशीच वाचत होती. "अगं, मग आली का नाहीस?" बाई जवळजवळ ओरडल्याच.

"तुमीच सांगितलं ना बाई, दिवाळीनंतर यायचं नाय," ती म्हणाली. "एकदा आलेली मी. सरांच्या यादीत नाव नव्हता. मग परत गेली."

"आणि मला सांगायचं नाही?"

सविताने मांडीवरची टिपणं मिटली. "तुमी माझ्यासाठी एवढा केला. आता मी भट्टीवर जात नाय, असा कसा सांगू?"

परतीच्या रिक्षात मला सगळा हिशोब समोर दिसत होता. प्रयोगवही पूर्ण नसेल तर मी सही करू शकत नाही, सही नसेल तर प्रात्यक्षिक परीक्षा नाही, आणि परीक्षा हुकली तर सविताला दुसरी संधी नव्हती, कारण पुढच्या वर्षी ती भट्टीवर गेल्याशिवाय घर चालणार नव्हतं. एका मुलीसाठी आईबाप तिघांचं काम दोघांत करत होते, आणि आम्ही दोघा शहाण्यांनी तिला घरी बसवलं होतं. बाईंनी तिला विचारलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं, आणि माझ्याकडे तर प्रेमाचीही सबब नव्हती.

मंगळवारी सकाळी बाईंनी प्राचार्यांच्या टेबलावर पत्र ठेवलं. 'विद्यार्थिनीला न विचारता मी तिच्यासाठी सवलत मागितली. ही चूक माझी आहे. सवलत रद्द करावी.' प्राचार्य म्हणाले, "बाई, असं लेखी कुणी देतं का?" बाई म्हणाल्या, "सवलत लेखीच मागितली होती ना!" प्रयोगशाळा फक्त रविवारी मोकळी असायची. माझे रविवार मी आजवर कुणाला दिले नव्हते, घरच्यांनासुद्धा नाही. पण त्या मार्चपर्यंतचे सगळे दिले. सविता पाड्यावरून यायची, बाई आपल्या घरून, माकुणसारहून यायच्या. रसायनशास्त्रातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. नाकाला पदर लावून स्टुलावर बसायच्या, घड्याळात बघून वेळ सांगायच्या, मदत करायच्या नादात त्यांनी एक ब्युरेट आणि दोन परीक्षानळ्या फोडल्या. द्रावणाचा रंग बदलला की सविताच्या आधी त्याच ओरडायच्या, "झालं! झालं!" एकदा त्यांच्या त्या ओरडण्याने सविताचा हात हलला आणि सगळा प्रयोग पुन्हा करावा लागला. मी चिडलो. सविता मात्र हसली, त्या सत्रात पहिल्यांदाच.

वही पूर्ण झाली, मी सही केली. प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी बाई प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर सकाळपासून बसून होत्या. जेवायलाही उठल्या नाहीत. सविता बाहेर आली तेव्हा परीक्षा कशी गेली हे त्यांनी विचारलंच नाही. म्हणाल्या, "माझ्यामुळे तुझं वर्ष जात होतं गं. राग आला असेल ना माझा?"

"आलेला," सविता सरळ म्हणाली. मग बाईंच्या शेजारी बाकावर बसली. "पन बाई, मी कालिजात येत नाय, ते दुसऱ्या कोनालाच नाय समजला. तुमी तरी शोधीत आल्या."

मी दारातच उभा होतो, हातातल्या वह्यांच्या गठ्ठ्यात तिची वही होती. ते वाक्य बाईंना बोललेलं होतं, पण मला लागलं. दोन महिने माझ्यासमोर प्रयोगाच्या ओट्यावर तिच्या जागी दुसरंच कुणी उभं होतं आणि मला त्याचं काही वाटलं नव्हतं.

सविता पास झाली. आता बोईसरला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नमुने तपासते. बाईंनी त्या उन्हाळ्यात गटांची सगळी नावं पुसून टाकली. नव्या वर्षी प्रत्येक मुलाला समोर बसवून त्या एकच प्रश्न विचारू लागल्या, "यंदा तुझं काय ठरलंय?" आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसायच्या. गप्प बसणं त्यांना किती जड जायचं ते समोरच्या दारातून मला दिसायचं. गेल्या मेमध्ये बाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणासाठी मी चार वाक्यं पाठ करून गेलो होतो, त्यातली दोनच बोलता आली.

कक्ष आता माझ्याकडे आहे. परवा वर्गात हजेरी घेताना लक्षात आलं की, मागच्या बाकावरची एक मुलगी चौथ्या दिवशीही आलेली नाही. नावापुढे 'गैरहजर' लिहिलं, पुढचं नाव पुकारायला तोंड उघडलं आणि थांबलो. ती कुठल्या गावची, मला माहीत नव्हतं. वर्गात विचारलं, तिथेही कुणाला माहीत नव्हतं. बाईंना सांगावं म्हणून पाय आपोआप जिन्याकडे वळले, आणि त्या खोलीला मीच लावलेलं कुलूप समोर आलं. मग ऑफिसात गेलो, तिचा प्रवेश अर्ज काढायला लावला आणि त्यावरचा पत्ता उतरवून घेतला. या रविवारी जाऊन येणार आहे.