चिंचेने उजळलेली राणी

आमच्या कॅनडातल्या मार्कहॅममध्ये मी व्हिक्टोरिया राणीचं नाक घासून सपाट केलं अशी बोलवा आहे, ती साफ खोटी. नाक शाबूत आहे. बाकीचं गेलं.

गोष्ट दोन हजार सोळाच्या लक्ष्मीपूजनाची. मी शाळा चौथीत सोडली, पण चांदी ओळखायला शाळा लागत नाही हे माझं मत. (माझं मत बदलत नाही, असं आमची सुमन म्हणते. बायको आहे, म्हणणारच.) शेजारचे इनासभाऊ मूळचे वसईचे, जुन्या नाण्यांचे शौकीन. त्या दिवशी वडिलांचा राणीछाप रुपया त्यांच्यापुढे धरून मी म्हणालो, "हा प्रूफ आहे."

प्रूफ म्हणजे बाजारात चालवायला नव्हे, तर नमुना म्हणून टांकसाळीत मुद्दाम निगुतीने, आरशासारखं पाडलेलं नाणं. शब्द त्यांनीच शिकवलेला, आणि मी त्यांनाच ऐकवत होतो!

"दादा, हा तुम्ही घासून चमकवलाय. नुसती चमक बघून ठरत नाय," ते म्हणाले. "थांबा, माझा दाखवतो."

आणला. प्लास्टिकच्या डबीत, मखमलीवर. त्यांच्या बायकोने, मार्थाने, जाण्याआधीच्या शेवटच्या नाताळात दिलेला. बघतो तर राणी निळी-काळी, जन्मभर चुलीपाशी बसल्यासारखी.

"हा प्रूफ? हा तर मळका आहे."

"मळ नाय तो. भिंग राहिलं घरी. आणतो, मग समजावतो."

ते गेले. आता आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला काळं नाणं ताम्हनात जात नाही. वडील चिंच-मिठाने घासायचे, मी घासतो. वाटीत चिंच कालवलेली तयारच होती. घरात आलेली लक्ष्मी कळकट ठेवून पूजेला बसू?

"अहो, त्यांना विचारलंत का?" सुमन म्हणाली.

"चांगल्या कामाला काय विचारायचं?"

घासला. स्टीलच्या वाटीसारखा लखलखला. माझ्या रुपयाशेजारी ताम्हनात ठेवला.

इनासभाऊ भिंग घेऊन आले. त्यांनी रिकामी डबी पाहिली, ताम्हन पाहिलं, माझ्या अंगठ्यावरची चिंच पाहिली आणि सोफ्यावर बसले. मला वाटलं, गहिवरले.

"बघा कसा उजळला," मी म्हणालो. (चुकीच्या वेळी मी पुष्कळ बोललोय. हे वाक्य त्या सगळ्यांचा मुकादम!)

"दादा," ते हळू म्हणाले, "त्या निळ्याखाली आरसा होता. मार्था त्यात तोंड बघून हसलेली."

सुमनने तोंडाला पदर लावला.

"परत काळा करू? उदबत्तीवर धरतो."

"धरू नका. कशालाच हात लावू नका."

रडू येऊ नये म्हणून असेल, त्यांनी भिंग डोळ्याला लावलं. एक रुपया पाहिला, दुसरा पाहिला, परत पहिला पाहिला.

"यातला तुमचा कोणता?"

मी सुमनकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता? घासलेत तुम्ही."

"बाजारातल्या नाण्याची कड गोलसर असते, अक्षरं बसकी," इनासभाऊ म्हणाले. "मुद्दाम पाडलेल्याची कड चौकोनी, अक्षरं उभी. घासून आरसा जातो, कड राहते. इथे दोन्हींची कड चौकोनी आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमचं खरं होतं. तुमचापण प्रूफ." भिंग खाली ठेवून म्हणाले, "होता."

मी खाली बसलो. जमिनीवरच.

"मार्थाचा हा," त्यांनी एक उचलला. "ओरखडे आजचे आहेत. तुमच्या रुपयावर दोन पिढ्यांच्या दिवाळ्या आहेत." आणि मग त्यांना हसू फुटलं, आधी खोकल्यासारखं, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "मार्था असती तर म्हणाली असती, आमच्या या म्हाताऱ्याला आधी चिंचेत बुडवा."

पूजा झाली, चकल्या खाऊन ते गेले. दर दिवाळीला येतात अजून. डबी घरी ठेवून येतात, आणि पूजा होईतो चिंचेची वाटी मांडीवर घेऊन बसतात.

त्यांच्याशी घातलेल्या सगळ्या वादांत हा एकच मी जिंकलो. तोसुद्धा आधीच इतका स्वच्छ धुऊन ठेवला होता, की जिंकून दाखवायला काही उरलं नाही.