खुर्चीवर बसूनच सांगेन

“आजी, खुर्चीवर नको. खाली बसा ना, जरा नॅचरल वाटेल.”

नाशिकच्या फ्लॅटमध्ये, माझ्याच हॉलमध्ये, ती मला म्हणाली. पुण्याची मुलगी. बौद्ध कुटुंबांच्या संस्कृतीवर पीएच.डी. करते. दर रविवारी येणार होती. मुलांनो, खरं सांगते, चार दिवस मी दूधवाल्याखेरीज कोणाशी बोलले नव्हते. सकाळीच चांगले कप काढून पुसून ठेवले होते.

मी खाली बसले. हेही लिहायला हवं. गुडघे दुखत होते, तरी बसले.

“चष्मा काढता? आणि इंग्रजी नको हं. जात्यावरची एखादी ओवी म्हणा.”

चौतीस वर्षं मी कॉलेजात इंग्रजी शिकवलं. माझी आई लासलगावच्या मार्केटात कांदा निवडायची, दळण गिरणीतून आणायची. आमच्याकडे जातंच नव्हतं. तरी मी ओवी म्हटली. कुठेतरी ऐकलेली, अर्धीमुर्धी. ती मुलगी परत यावी म्हणून. तिनं भराभरा लिहून घेतली.

मग कॅमेरा काढला. भिंतीवरचा तुम्हा दोघांचा पदवीच्या झग्यातला फोटो उतरवून सोफ्यावर पालथा टाकला.

“हा मध्ये येतोय. मूळचं वाटत नाही.”

मी उठले. भिंत धरून. चष्मा घातला. तुमचा फोटो जागेवर लावला. खुर्चीत बसले आणि माझी वही उघडली.

“आता मी विचारते. तुझ्या घरी कामवाल्या बाईंचा कप कुठे असतो?”

ती हसली. “आजी, रिसर्च माझा आहे!”

“कुठे असतो, बाळ?”

“बाल्कनीत. म्हणजे… आईची पद्धत आहे तशी.”

“पद्धत म्हणजे संस्कृतीच. लिहिते मी. का असतो?”

तिनं कॅमेरा पिशवीत टाकला. चहा अर्धा टाकून ती गेली.

त्याच संध्याकाळी मी तिला कळवलं: ती ओवी आमची नाही, खोडून टाक. तिचं उत्तर नाही. पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. कप कपाटात गेले.

दुसऱ्यांना समजून घ्या. त्यांच्या घरी जा, विचारा, लिहा. पण आधी आपल्या घराकडे परक्यासारखं बघा, आणि त्यांनी विचारलं तर खरं सांगा. ज्याला नुसतं विचारायचंच असतं, त्याच्यासाठी खाली बसू नका.

मी आता खाली बसणार नाही. कोणी आलं नाही तरी.