पाठीवरची चेन

थोरा हेडलला पाहुणे हमखास विचारतात, "कप्तानबाई, या धंद्यात सगळ्यात धोक्याचं काय?" त्यांना वाटतं ती गंजलेल्या पत्र्यांचं नाव घेईल, नाहीतर बर्राच्या खाडीतल्या ओढीचं. थोरा डेकच्या मागच्या टोकाकडे बोट दाखवते आणि म्हणते, "तो. माझा नवरा." पाहुणे हसतात. थोराही पूर्वी हसायची. गेल्या दोन उन्हाळ्यांपासून हसत नाही.

उत्तरेकडच्या आमच्या बेटावर, स्ट्रॉमनेसच्या धक्क्याला लागलेली 'टिस्टी' ही तिची बोट. बापाने त्या बोटीतून शेवंडीचे पिंजरे पाण्यात सोडले, थोराने माणसं सोडायला सुरुवात केली. वसंतापासून थंडी पडेपर्यंत दक्षिणेतून, हॉलंडातून, जर्मनीतून लोक येतात आणि आमच्या बर्फगार पाण्यात हौसेने उड्या मारतात. जर्मन तर पहिल्या महायुद्धानंतर स्वतःच्याच पणजोबांनी इथे बुडवलेली जहाजं बघायला येतात. आम्ही बंदरातली माणसं तोंडावर काही बोलत नाही. घरी गेल्यावर मात्र चुलीपुढे बसून पोटभर हसतो.

आमच्या पाण्यात साध्या कपड्यांत उतरायचं काम नाही. गळ्यापासून पायापर्यंत एकसंध रबरी सूट लागतो, त्याच्या आत लोकरीचे जाड कपडे घालायचे आणि ते अजिबात भिजू द्यायचे नाहीत. थोराचा सूट लाल, जुना, कोपरांना आणि गुडघ्यांना ठिगळं लावलेला. त्याची चेन पाठीवर, एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत आडवी. ती चेन माणसाला स्वतःची स्वतः लावता येत नाही. कितीही शहाणा असला तरी त्याला कुणाकडे तरी पाठ करून उभं राहावंच लागतं. आताशा पुढून चेन असलेले सूट निघालेत, ज्याची त्याने लावावी. सगळे तेच घालतात. यॉर्कशरहून दरवर्षी दोनदा येणारे पिकर्सगिल तर थोराला चिडवतात, "बाई, हा सूट त्या जर्मन जहाजांतूनच वर काढलात का?"

थोरा सूट बदलत नाही, कारण तिची चेन मॅन्सी लावतो. लग्नाच्या आधीपासून लावतो.

म्हणजे झालं असं होतं की तरणाताठा मॅन्सी एकदा सगळ्या मंडळींसमोर मोठ्या ऐटीत उडी मारायला गेला आणि चेन उघडीच राहिली. सूटमध्ये अर्धा समुद्र शिरला. त्याला फुगलेल्या पखालीसारखा ओढून वर काढला तो थोराच्या बापाने, आणि त्याच बोटीवर उभी राहून पोट धरून हसली ती थोरा. दुसऱ्या दिवशी मॅन्सी मुकाट्याने तिच्यापुढे पाठ करून उभा राहिला. म्हणाला, "तू लाव. तू तरी आता विसरणार नाहीस." मग तिची चेन तो लावू लागला, आणि त्यातून पुढे जे व्हायचं ते झालं. पण त्याच दिवशी मॅन्सीने एक नियमही केला, तो आजतागायत 'टिस्टी'वर चालतो. ज्याने चेन ओढली त्यानेच खांद्यावर धपाटा घालायचा. धपाटा बसल्याशिवाय कुणी उडी मारायची नाही. दुसऱ्याने ओढलेल्या चेनवर तिसऱ्याने धपाटा घालायचा नाही. मॅन्सीचा धपाटा असा सणसणीत, की पाहुणे म्हणतात, थंडी तिथेच पळते.

आता हा माणूस विसरायला लागला होता. विसरतो तर विसर, वय झालं, पण मान्य तरी कर! नाही. हातमोजे जवाच्या भाकरीच्या डब्यात सापडले तर म्हणायचा, "तूच ठेवले असशील." मसुराच्या सुपात दोनदा मीठ पडलं तर म्हणायचा, "पाहुण्यांना घाम येतो, मीठ लागतंच." थोराच्या अगदी नाकीनऊ आले होते. कर्कवॉलच्या डॉक्टरणीने सगळं तपासून थोराला बाजूला घेऊन सांगितलं, की हे आता वाढतच जाणार, त्यांना कामात गुंतवून ठेवा, पण जोखमीचं काम देऊ नका. थोरा म्हणाली, "बाई, आमच्याकडे बिनजोखमीचं काम कुठलं असतं ते सांगा, मी उद्याच लावते."

बोटीवरून उतरवलं तर मॅन्सीचं काय होईल, हे थोराला पक्कं ठाऊक होतं. तिच्या सासऱ्याचं तेच झालं होतं. पिंजरे सुटले, खिडकीतली खुर्ची आली, आणि दुसऱ्या हिवाळ्यात म्हातारा घरच्यांना ओळखेनासा झाला. मॅन्सीला त्या खुर्चीत बसवायचं नाही, एवढ्या एका हट्टावर थोराने तो पूर्ण हंगाम रेटला.

मे महिन्यातली सकाळ. बोट बर्राच्या खाडीत उभी होती. तिथे युद्धात शत्रूची वाट अडवायला मुद्दाम बुडवलेली जुनी जहाजं आहेत. पाणी आरशासारखं स्वच्छ असतं, पण भरती संपून ओहोटी लागायच्या मधे ते जे थोडा वेळ थांबतं, तेवढ्यातच खाली जाऊन यायचं. नाहीतर ओढ माणसाला थेट अटलांटिकात नेऊन सोडते. आधी थोराने एकटीने जाऊन जहाजाला दोर बांधायचा, मग त्या दोराने पाहुण्यांनी उतरायचं. केबिनमध्ये सुकाणूच्या चक्रावर ओली लिंकलेटर होता. हा थोराच्या शेजारचा चाळिशीतला कोळी, स्वभावाने थंड, बोलायला कंजूष.

थोरा मॅन्सीपुढे पाठ करून उभी राहिली. खांद्यावर सणसणीत धपाटा बसला. तिने उडी मारली.

आणि पाण्याने तिच्या पाठीत सुरा खुपसावा तसं झालं. श्वासच कोंडला. सूट भरत चालला होता. तिने अंगावरच्या फुगवायच्या जाकिटात हवा भरली, कशीबशी शिडी पकडली, पण पायांत इतकं पाणी साठलेलं की एक पायरी चढवेना. ओलीने आणि पाहुण्यांतल्या पिकर्सगिलनी बखोट धरून तिला डेकवर ओढलं. सांडलेल्या कालवणासारखी ती डेकभर पसरली.

"मॅन्सी!" ती दातांवर दात आपटत ओरडली. "चेन!"

"लावली होती," मॅन्सी म्हणाला.

"उघडी होती!"

"मी लावली होती. जुनीच झालीय ती, दात सुटले असतील. आणि तूही काही बारीक झालेली नाहीस, थोरा."

पिकर्सगिल खाली बघू लागले. थोराचा पारा असा चढला की थंडी काही क्षण जाणवलीच नाही.

पण घरी आल्यावर ती त्या चेनवर तुटून पडली. मेण लावलं, दात न् दात तपासला. चेनच बिघडलेली निघू दे, एवढंच तिचं मागणं होतं. दुसऱ्या दिवशी ओलीकडून लावून घेऊन ती धक्क्याच्या उतारावर पाण्यात बराच वेळ बसून राहिली. बाहेर आली ती खडखडीत कोरडी.

"चेन ठीक आहे," ओली म्हणाला.

"मला दिसतंय ते! तू नको सांगूस."

त्यानंतरही तिने मॅन्सीला काढलं नाही. रात्रंदिवस त्याच्यावर करवादायची, पण काढलं नाही. मग जुलैत हेझल नावाची एक शाळामास्तरीण आली. तिचाही सूट जुना, पाठीवरच्या चेनचा. मॅन्सीने तिला धपाटा घातला. हेझल कठड्यावर चढली, आणि ओलीने केबिनमधून झेप घेऊन तिला मागच्या मागे डोक्यावरच्या रबरी टोपीला धरून खेचलं. चेन पूर्ण उघडी होती.

हेझल बिचारी माफी मागत राहिली, जणू तिचीच चूक. ओलीने थोराला केबिनमध्ये बोलावलं. इतकं लांब तो वर्षभरात बोलला नसेल.

"थोरा, आज मी बघितलं म्हणून. उद्या मी चक्राकडे बघत असेन."

"मग काय करू? बांधून ठेवू त्याला?"

"डेकवरून काढ."

"आणि बसवू कुठे? त्या खिडकीत?"

"ते मला माहीत नाही. पण ती मास्तरीण बुडली असती तर तू काय सांगितलं असतंस? नवऱ्याचं मन राखत होते, म्हणून?"

थोराने केबिनचं दार धाडकन उघडलं. तिने बाहेर येऊन जाहीर केलं, की आजपासून पाहुण्यांनी एकमेकांच्या चेन लावायच्या आणि एकमेकांना धपाटे घालायचे.

"कुणाचा नियम हा?" मॅन्सीने विचारलं.

"विम्यावाल्यांचा."

"विम्यावाले कधी पाण्यात उतरलेत का?"

"नाही उतरले, म्हणूनच नियम करतात. तू माझी तेवढी लाव."

आणि तिने एक युक्ती काढली. रोज सकाळी ती केबिनमध्ये जायची, ओली गुपचूप चेन ओढायचा, चेनची दोरी लोंबती तशीच सोडायचा, म्हणजे चेन उघडीच वाटावी, आणि मग थोरा डेकवर येऊन मॅन्सीपुढे पाठ करायची. मॅन्सी काहीतरी चाचपायचा आणि धपाटा घालायचा. ओलीला हे पटलं नव्हतं. पण थोराशी वाद घालण्यापेक्षा बर्राच्या ओढीशी घातलेला बरा, असं त्याचं मत. युक्ती चालली. थोराला वाटलं, चला, निभावलं.

ऑगस्ट संपत आला होता. पुन्हा बर्राची खाडी, डेकवर पिकर्सगिल आणि मंडळी तयार होऊन बसलेली, पाणी नुकतंच थांबलेलं. थोरा मॅन्सीपुढे उभी राहिली.

धपाटा बसला नाही. मॅन्सीची बोटं तिच्या डाव्या खांद्यावरून हळूहळू उजव्या खांद्यापर्यंत गेली आणि तिथे थांबली.

"आधीच लावलीय," तो म्हणाला.

"असेल. धपाटा घाल, पाणी सुटेल."

"असेल म्हणजे? आपोआप लागते का? कुणी लावली?"

केबिनच्या खिडकीत ओली होकायंत्राकडे असा बघत होता की जणू ते त्याने आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं.

"मॅन्सी, हे पाणी तुझ्या चौकश्यांसाठी थांबलेलं नाही. घाल म्हणते ना!"

"मी ओढली नाही, तर मी कसा घालू? नियम आहे."

"खड्ड्यात गेला तुझा नियम!"

मॅन्सी तिच्या आणखी जवळ सरकला. मग अगदी हळू आवाजात, पाहुण्यांना ऐकू जाऊ नये असा तिच्या कानाशी म्हणाला, "त्या मास्तरणीची मी लावलीच नव्हती, हो ना? आणि मे महिन्यात तुझीही."

थोरा गर्रकन वळली. "मग तेव्हा का भांडलास माझ्याशी? लावली होती, लावली होती म्हणून!"

"कारण मला आठवत होतं, थोरा. तुझी चेन ओढल्याचं मला रोज आठवतं, अगदी हाताला आठवतं. पण ते आजचं की कुठल्या जुन्या दिवसाचं, तेवढं कळत नाही."

थोराला ओरडायचं होतं.  इतके दिवस ती ज्याच्यापासून लपवत होती, त्याला सगळं आधीच कळलेलं होतं, आणि तोही तिच्यापासून तेच लपवत होता. तिला त्याचा, स्वतःचा, ओलीचा, त्या मेल्या चेनचा, सगळ्यांचा एकदम संताप आला.

"ओली!" मॅन्सीने हाक मारली. "इंजिन मोकळं सोड आणि इकडे ये."

ओली आला. मान खाली.

"तू ओढलीस?"

"हो."

"नीट शेवटपर्यंत?"

"हो, मॅन्सी."

"मग धपाटा घाल."

ओलीने थोराच्या खांद्याला हात लावल्यासारखं केलं.

"हा काय धपाटा आहे?" मॅन्सी खवळला. "मांजर कुरवाळतोयस का? पाण्यात पडेपर्यंत जाणवला पाहिजे तिला. अस्सा!" आणि त्याने ओलीच्याच खांद्यावर असा एक ठेवून दिला की तो उंच गडी दोन पावलं पुढे गेला. पिकर्सगिल हसले.

दुसऱ्यांदा ओलीने बरा घातला. जोर होता, पण जागा चुकली, जरा खाली बसला.

"येईल," मॅन्सी म्हणाला. "रोज घातलास की येईल." मग थोराकडे वळून, "आता उभी काय राहिलीस? बसला ना धपाटा? जा, पाणी सुटेल. मी सूप तापवतो."

"मीठ घालू नकोस त्यात," थोरा म्हणाली.  "मी घातलंय."

"बरं," मॅन्सी म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने उलट उत्तर दिलं नाही.

तिने उडी मारली. खाली शेवाळाच्या रानात ते जुनं जहाज नेहमीसारखं कुशीवर पडलेलं होतं, फासळ्यांतून मासे ये-जा करत होते. तिने दोर बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली, आणि पाणी सुटायच्या आत वर आली. मॅन्सीच्या धपाट्याशिवायही पाठ कोरडी होती. आतल्या लोकरीचा एक धागासुद्धा भिजला नव्हता, आणि थोराला त्याचाच सगळ्यात जास्त राग आला.