ट्रालीचा रस्ता आणि बाबांची हद्द

ब्याऐंशी-त्र्याऐंशी साल असेल. एटापल्लीच्या पलीकडच्या एका गावात मी जिल्हा परिषदेची मास्तरीण होते, नोकरीचं दुसरं वर्ष. बाबा रेल्वेत चावीवाले होते, रूळ तपासणारे. चंद्रपूरच्या अलीकडं, जंगलातल्या एका लहानशा स्टेशनाजवळ आमचं क्वार्टर होतं. दिवाळीच्या सुट्टीला घरी जायचं म्हणजे तीन बसगाड्या बदलायच्या आणि दिवसभर धूळ खायची. त्या वर्षी सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी बाबा स्वतःच शाळेच्या दारात येऊन उभे राहिले. बसच्या टपावर टाकून आपली सायकलही त्यांनी आणली होती.

"यंदा बसनं नाई जाऊ," ते म्हणाले. "ट्रालीच्या रस्त्यानं जाऊ. तुही सायकल हायेच. पक्की सडक लागली का मंग बस पकडू."

मला हसू आलं. आमच्या घरात सहल ही फक्त शाळेची जायची, आणि तीही माझ्या वर्गाची. पण बाबांनी रजा काढली होती आणि त्यांच्या पिशवीत चार दिवसांचा चिवडा होता, म्हणजे विचार पक्का होता.

ट्रालीचा रस्ता म्हणजे जुनी लाकडाची लाइन. रेल्वेत लागण्याआधी, तरुणपणी बाबा तिथं मजूर होते. सागाचे ओंडके छोट्या ट्रालींवर लादून, लहानशा इंजिनामागं अरुंद रुळांवरून नदीकाठानं डेपोपर्यंत न्यायचे. मग ते काम बंद झालं, रूळ उपटून नेले आणि मातीचा भराव तेवढा उरला. त्यावरून मोटार जात नाही, ट्रक जात नाही. टोपल्या घेतलेल्या बाया आणि गाईगुरं, एवढीच वर्दळ. एका अंगाला साग, दुसऱ्या अंगाला खाली नदी. चढ असा नाहीच, कारण इंजिनाला चढ झेपत नाही. सायकल चालवायला त्याहून चांगली जागा मी पुन्हा पाहिली नाही.

बाबा म्हणाले, तू पुढं चाल, मी मागं राहतो. बाप पोरीवर मागून नजर ठेवतो तसंच हे, असं समजून मी पुढं झाले. माझं मागचं मडगार्ड ढिलं होतं आणि ते दिवसभर खडखड खडखड वाजत राहिलं. दोनदा थांबून मी त्यांच्याकडं पाना मागितला. दुसऱ्याच्या घरी गेला तरी दाराच्या बिजागरीचा ढिला स्क्रू आवळून येणारा हा माणूस, पण म्हणाला, "वाजू दे. जंगल हाये, जनावर दूर राह्यते." मला ते पटलं. बाबा जंगलाबद्दल बोलले की मला सगळंच पटायचं.

त्या दिवशी ते खुशीत होते. इथं ओंडका ओढताना बैल घसरला होता, इथं इंजिनाची पाण्याची टाकी होती, असं सांगत होते. सांगताना अख्खी मान वळवून एकेक झाड पुष्कळ वेळ पाहायचे. जुन्या आठवणींनी गहिवरून आलं असेल असं समजून मी मुद्दाम दुसरीकडं बघायची. मास्तरणीला सगळ्यांच्या मनातलं कळतं असा माझा तेव्हा समज होता.

मुक्काम एका गोंड म्हाताऱ्याच्या पडवीत झाला. सकाळी निघण्याआधी मी जुन्या लुगड्याची चिंधी मागून घेतली आणि ते मडगार्ड करकचून बांधून टाकलं. वर्गात एखादं पोर नुसतं पाय हलवत बसलं तरी मला सहन होत नाही, तर ती खडखड आणखी एक दिवस मी काय ऐकणार. बाबा तेव्हा नदीवर तोंड धुवायला गेले होते. मी त्यांना सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काय होतं?

तासाभरानं नाल्यावरची एक मोरी आली. तिचा उजवा काठ पावसात खचला होता आणि डावीकडं हातभर वाट उरली होती. मी डावीकडून सहज पार झाले. मागं दगड गडगडल्याचा आवाज आला. वळून पाहिलं तर बाबा नव्हतेच. ते सायकलसकट खाली कोरड्या नाल्याच्या वाळूत पडले होते, कपाळातून रक्त येत होतं, मनगट सुजायला लागलं होतं.

मी धावत उतरले. घाबरले की मला राग येतो, तसा तेव्हाही आला. "एवढं मोठं भगदाड दिसलं नाही तुम्हाला?"

"नाई," ते म्हणाले.

मी पदरानं रक्त पुसत होते. ते म्हणाले, "काऊन बांधलं ते मडगार्ड? मी तुया आवाजाच्या मागंमागं येऊन राह्यलो होतो पोरी."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दोन वर्षांपासून त्यांना बाजूचं दिसत नव्हतं, समोरचं तेवढं दिसायचं, नळीतून पाहावं तसं. आणि ती नळी दिवसेंदिवस बारीक होत होती. ट्रालीचा रस्ता दिसतो आहे तोवर एकदा पाहून घ्यायचा, म्हणून ही सहल होती.

"पण रेल्वेत डोळे तपासतात ना?"

"तपासतात. पाटी वाचाले लावतात. पाटी समोर राह्यते, मी घडाघडा वाचतो."

"आणि रूळ?"

"रूळ मले ऐकू येते."

चावीवाल्याचं काम असं असतं की रोज सकाळी हातोडा, पाना आणि झेंड्या घेऊन आपल्या हद्दीतला रूळ पायी तपासायचा. रूळ स्लीपरला धरून ठेवणारी प्रत्येक चावी जागेवर आहे का, सांध्यांचे बोल्ट घट्ट आहेत का, रुळाला कुठं तडा गेला आहे का. त्या रुळावरून सकाळची पॅसेंजर जायची, माणसांनी भरलेली. मी स्वतः त्याच गाडीनं कॉलेजला गेले होते.

उरलेला रस्ता आम्ही पायी चाललो. घरी आल्यावर आईनं त्यांच्या कपाळाकडं पाहिलं आणि काही विचारलं नाही. जेवताना माझ्या लक्षात आलं की ती त्यांचं ताट, पाण्याचा लोटा, सगळं बरोबर त्यांच्या नाकासमोर ठेवते. म्हणजे तिला माहीत होतं. मला आईचाही राग आला.

मनगटाची सूज जरा उतरल्यावर ते कामावर निघाले, तेव्हा मीही त्यांच्याबरोबर हद्दीत गेले. सावकाश चालत ते प्रत्येक चावीवर हातोडा टाकायचे, ठण, ठण, ठण. एका ठिकाणी ते थांबले. मला तर काहीच वेगळं वाटलं नव्हतं, मी रूळ डोळ्यांनी नीट पाहिला होता. त्यांनी पुन्हा हातोडा टाकला, वाकून बोटं फिरवली. चावी चिरली होती, केसाएवढी. त्यांनी नवी ठोकली. मला इतकं बरं वाटलं की मी मनातल्या मनात त्यांची माफी मागितली.

पुढच्या सांध्यावरून ते सरळ निघून गेले. तिथं एक बोल्ट नव्हता. नुसतं भोक दिसत होतं. जे नाहीच ते वाजणार कसं? मी त्यांना हाक मारली. त्यांनी येऊन, मान वळवून वळवून ते भोक शोधलं आणि पिशवीतला बोल्ट काढून बसवला.

"चार राह्यतात," ते पाना फिरवता फिरवता म्हणाले. "एक नसला म्हणून गाडी पडत नाई."

"आणि दोन नसले तर?"

त्यांनी पाना पिशवीत टाकला. घरी परतताना म्हणाले, "दोन वर्सं राह्यली माह्या नोकरीची. मंग मीच घरी बसतो. सांगू नको कोणाले." बाबांनी माझ्याकडं कधी काही मागितल्याचं मला आठवत नाही, ते पहिलंच. मी म्हटलं, बाबा, तुम्हीच जाऊन सांगा. ते म्हणाले, "मी सांगितलं का त्याच दिवशी मी आंधळा. आता नुसतं कमी दिसते."

सुट्टीचे उरलेले दिवस मी रोज सकाळी त्यांच्या मागून चालले. सुट्टी संपल्यावर कोण चालणार होतं? शेवटच्या दिवशी मी सायकल काढली, त्यांच्या साहेबाच्या ऑफिसात गेले आणि सगळं सांगितलं. साहेब भला माणूस होता. त्यांनी बाबांना मोठ्या दवाखान्यात पाठवलं. काचबिंदू निघाला, गेलेली नजर परत येणार नव्हती. नोकरी गेली नाही. ऑफिसात पाणी द्यायला बसवलं. "माह्या बापाच्या हातचं पाणी कोणी घेत नव्हतं," ते आईला म्हणाले. "मी साहेबाले पाजून राह्यलो. तरक्कीच म्हणाची." आई हसली. मला हसता आलं नाही.

पुढच्या सुट्टीत मी घरी गेले तेव्हा ते ओसरीवर बसले होते. माझ्या पावलांवरून त्यांनी मला ओळखलं. "या," ते म्हणाले. "बसा. प्रवास बरा झाला ना तुमचा?" जन्मात पहिल्यांदा बाबा मला तुम्ही म्हणाले, आणि मग जिवंत असेपर्यंत तुम्हीच म्हणत राहिले. भांडले कधीच नाहीत. भांडले असते तर मला सोपं गेलं असतं.

त्या हद्दीत पुढं कधीच काही झालं नाही. नवा चावीवाला आला, त्याच्यानंतर आणखी एक, गाड्या रोज नीट गेल्या. आधीही नीटच जात होत्या. मी बरोबर वागले हे मला कधी कुणापुढं सिद्ध करता आलं नाही, बाबांपुढं तर नाहीच. अजूनही पेपरात गाडी घसरल्याची बातमी आली की मी आधी ठिकाण पाहते. आमची लाइन नसली की हायसं वाटतं, आणि त्याच्या खाली, अगदी थोडी, निराशाही होते. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.