कडुलिंबाच्या मोहराचं कार्ड

शुक्रवार पेठेतले जुने लोक अजून मला कडुलिंबाच्या मोहराच्या कार्डाबद्दल शाबासकी देतात, आणि मी ती मुकाट्याने घेत आलो. ते कार्ड समोरच्या वहिनींनी काढलं होतं.

त्यांच्या घरी सूत रंगवायचं काम, त्यामुळे बोटं कायम निळी-तांबडी. आम्ही काही मित्र परदेशातल्या लोकांशी फुलांच्या कार्डांची अदलाबदल करायचो. नवं कार्ड आलं की वहिनी ते आधी नाकाशी धरत. “वास न्हाय की भावजी! पोष्टाचा खर्च वाया!” मग कितीतरी वेळ बघत बसत.

एका चैत्रात त्यांनी उरलेल्या रंगांनी कोऱ्या कार्डावर कडुलिंबाचा मोहर काढला. “हे धाडा जपानला.”

“कडू झाडाचं फूल कोण घेणार?” मी हसलो, तरी माझ्या नावाने पाठवलं.

उत्तरादाखल चेरीच्या बहराची पुडकंभर कार्डं आली. मित्रांनी माझी पाठ थोपटली आणि मी ती थोपटू दिली. तेवढ्यात वहिनी आत आल्या. एकेक कार्ड हुंगून त्यांनी सगळी पदरात घेतली आणि एक माझ्या हातावर ठेवलं.

“हे तुमचं भावजी. टपालपेटीपर्यंत चालल्याचं.”

मग स्वतः काढलेलं पळसाच्या फुलांचं नवं कार्ड पुढे केलं. “आता ह्याच्यावर माझं नाव घाला. मोठ्ठं!”

पुढचं पुडकं आलं तेव्हा पोस्टमनने त्यांच्या नावाने हाक मारली. आमच्या गल्लीत ते नाव तोवर कोणी मोठ्याने घेतलं नव्हतं. वहिनी ओलं सूत टाकून धावत बाहेर आल्या.

“व्हय, मीच ती!”